घाटातला पिवळा दिवा

कसाऱ्याचा घाट, जुलै महिना, वायपर शेवटच्या स्पीडवर आणि मागच्या सीटवर उशीला टेकून झोपलेली आई. अशा वेळी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला तर माणसाने काय करावं?

मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मी काहीच केलं नाही. हॅंडल घट्ट धरलं आणि दिव्याकडे बघायचं टाळलं. गाडी खोकल्यासारखे धक्के देत होती. शेजारी बसलेले अण्णा हळूच म्हणाले, "मिस मारतीय." आणि गप्प बसले. घाट संपला, इगतपुरी आली, रस्ता सपाट झाला आणि दिवा विझला. गाडी अशी गुळगुळीत चालू लागली की जणू मघाशी झालं ते आमचंच स्वप्न होतं.

ही गोष्ट २०२२ सालची. आईच्या छातीत गाठ निघाली होती आणि दर तीन आठवड्यांनी केमोसाठी तिला मुंबईला न्यावं लागत होतं. जाताना काही नाही, पण येताना तिला मळमळायचं, दर अर्ध्या तासाला थांबावं लागायचं. परक्या टॅक्सीत तिला संकोच वाटायचा, म्हणून आपलीच गाडी. २०१५ ची, पेट्रोलवरची, तीन सिलिंडरची छोटी गाडी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे वाचलंत तर कळेल की कंपनीचा काही दोष नव्हता.

तर हा लेख त्या दिव्याचा. गाडी दुरुस्त होईपर्यंतच्या दोन महिन्यांत मी त्या दिव्याचा इतिहास शोधून शोधून वाचला. (काळजीत माणूस काहीतरी वाचत बसतो. आईच्या रिपोर्टमधले शब्द वाचण्यापेक्षा हे बरं वाटायचं.) आणि वाचता वाचता लक्षात आलं की हा दिवा मुळात माझ्यासाठी बसवलेलाच नाही.

*

आधी थोडं मागे जाऊ. जुन्या जीपच्या डॅशवर काटे असत. पाण्याच्या तापमानाचा, तेलाच्या दाबाचा, बॅटरीच्या चार्जिंगचा. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्या पिढीतल्या गाड्या अशाच. काट्याचा फायदा असा की तो हळूहळू सरकतो. घाट चढताना तापमान वाढतंय हे चालकाला दिसत असतं, आणि पाणी उकळायच्या आत तो गाडी कडेला घेतो. म्हणजे काटा वाचायला माणूस लागतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात हडसन कंपनीने काट्यांच्या जागी दिवे बसवायला सुरुवात केली. तिथल्या जुन्या ड्रायव्हरांनी त्यांना 'मूर्खांचे दिवे' म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव इंग्रजीत अजून टिकून आहे. रागाचं कारण सरळ होतं. दिवा लागतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

पण आपला पिवळा दिवा त्या घराण्यातला नाही. त्याचं घराणं धुराचं आहे.

१९४३ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसवर असं काही धुकं उतरलं की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले. महायुद्ध चालू होतं, काहींना वाटलं शत्रूने विषारी वायू सोडला. पुढे कॅल्टेकमधले रसायनतज्ज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिलं की मोटारींच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वाफा, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि ऊन हे तिन्ही एकत्र आले की ओझोन तयार होतो आणि हे धुकं बनतं. गंमत म्हणजे हे गृहस्थ त्याआधी अननसाच्या वासावर संशोधन करत होते! पुढे कॅलिफोर्नियाने हवेसाठी वेगळं मंडळ काढलं तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष हेच झाले.

मग कायदे आले. १९७० चा अमेरिकेचा शुद्ध हवेचा कायदा, १९७५ च्या मॉडेलांपासून सायलेन्सरच्या आधी बसणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, १९७६ साली बॉशने बनवलेला आणि व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा बसलेला लॅम्डा सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारी कांडी. आता इंजिनात किती पेट्रोल सोडायचं हे कार्बोरेटरच्या जेटऐवजी एक छोटा कॉम्प्युटर ठरवू लागला.

इथे एक अडचण उभी राहिली. कारखान्यातून निघालेली गाडी स्वच्छ असते. पण तीन वर्षांनी? सेन्सर मेला, एखादी नळी फाटली, एक प्लग अधूनमधून चुकायला लागला, तरी गाडी चालतेच. मालकाला पत्ता नसतो आणि तो दुपटीने धूर सोडत फिरत असतो. प्रत्येक गाडीमागे इन्स्पेक्टर कुठून आणणार? म्हणून कॅलिफोर्नियाने ठरवलं की गाडीने स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवावं आणि काही बिघडलं तर दिवा लावून सांगावं. जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९८१ पासून असा दिवा होताच, आणि तो ठराविक पद्धतीने लुकलुकवून मेकॅनिकला बिघाडाचा आकडा वाचता येत असे. १९८८ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात तो सक्तीचा झाला. मात्र प्रत्येक कंपनीचा प्लग वेगळा, आकडे वेगळे. मग दुसरी पिढी आली, ओबीडी-टू. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला एकच सोळा पिनांचा सॉकेट आणि एकच आकड्यांची भाषा.

म्हणजे हा दिवा मालकाच्या सोयीसाठी नाही, हवेच्या सोयीसाठी आहे. तुमच्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तरी तो लागणार नाही, पण पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट बसलं नाही तर काही गाड्यांत लागेल! त्याला तुमच्या प्रवासाची नाही, तुमच्या मागून येणाऱ्याच्या फुफ्फुसांची काळजी आहे. हे वाचल्यावर मला त्या दिव्याबद्दल जरा आदर वाटायला लागला. मागच्या सीटवर कोण झोपलेलं होतं ते आठवून पहा.

*

आता आपल्याकडे येऊ.

आमचे अण्णा १९७४ साली मायकोत लागले. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी: मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ साली बंगळूरला सुरू झालेली, बॉशची भारतातली कंपनी. सातपूरच्या तिच्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनत. २००८ साली कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, पण नाशिकात अजून कुणी 'बॉश सर्कल' म्हणत नाही. मायको सर्कलच. रिक्षावाल्याला दुसरं काही सांगून बघा.

अण्णा टेस्टिंगला होते. हातपंपाच्या टेस्टरवर नोझल लावायचा, दांडा दाबायचा, घड्याळावर दाब बघायचा आणि फवारा बघायचा. पण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खरी परीक्षा कानाची. चांगला नोझल विशिष्ट आवाजात करकरतो. थेंब गाळणारा नोझल मुका असतो. दिवसाला शेकडो नोझल ऐकून ऐकून त्यांच्या कानाला अशी सवय लागली की रस्त्यावरून जाणाऱ्या टेंपोचा एक सिलिंडर मारत नाही हे ते गॅलरीतून सांगायचे. लहानपणी मला हे सगळ्यांच्याच वडलांना येतं असं वाटे.

त्या काळात नाशिकमधले मिस्त्रीही असेच. पेट्रोल गाडी मिस मारत असली की इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर इंजिन अजून लंगडलं तर तो सिलिंडर चांगला. काही फरक पडला नाही तर चोर तोच. डिझेल असेल तर इंजेक्टरच्या पाइपाचा नट एकेक करून सैल करायचा. ना स्क्रीन, ना कोड.

मग दिल्लीच्या हवेवरून एम. सी. मेहता सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ ची ती याचिका. तिच्यातून हळूहळू एकेक गोष्ट आली. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्यासाठी शिसं नसलेलं पेट्रोल. २००० साली ते पेट्रोल देशभर. त्याच सुमारास कार्बोरेटर गेला आणि एमपीएफआय आलं. आठवतंय ना, गाड्यांच्या मागच्या काचेवर 'एमपीएफआय' असं मिरवत लिहिलेलं असायचं? त्या चार अक्षरांनी अर्ध्या गॅरेजांची झोप उडवली. जेट साफ करायला जेटच उरला नाही!

पुढची पायरी २०१० ची. त्या वर्षी भारत स्टेज फोर तेरा शहरांत आलं. मुंबई, पुणे आणि आपल्या महाराष्ट्रातलं सोलापूर यादीत होतं. नाशिक नव्हतं. स्कॉर्पिओ जिथे बनत होती आणि देशभरच्या डिझेल गाड्यांचे नोझल जिथून जात होते, त्या गावाच्या वाट्याला तेव्हा भारत स्टेज थ्री आलं. बीएस फोरच्या मोटारींना ओबीडीची पहिली पायरी २०१० पासून आणि दुसरी २०१३ पासून सक्तीची झाली. देशभर बीएस फोर झालं ते १ एप्रिल २०१७ ला. त्याच्या आदल्या दोन दिवसांत जुन्या बीएस थ्री दुचाकी मिळेल त्या किमतीला काढून टाकल्या गेल्या आणि शोरूमबाहेर रांगा लागल्या, ते अनेकांना आठवत असेल. मग बीएस फाइव्ह गाळून १ एप्रिल २०२० ला थेट सहा.

लॉस एंजेलिसच्या धुक्यातून निघालेला दिवा असा सत्तर वर्षांनी आमच्या गाडीत येऊन कसाऱ्याच्या घाटात लुकलुकला. असो.

*

लागलेला दिवा एकवेळ सोपा. पण लागून विझणारा दिवा म्हणजे ताप. दवाखान्यात गेल्यावर पोटदुखी थांबावी तशातला प्रकार. म्हणून त्या दिव्यामागचं डोकं कसं चालतं हे समजून घेणं भाग पडलं.

गाडीचा कॉम्प्युटर उतावळा नाही. साधारणपणे एखादी चूक एकदा दिसली तर तो ती मनात ठेवतो, दिवा लावत नाही. पुढच्या फेरीतही दिसली तरच लावतो. सलग तीन फेऱ्यांत ती चूक दिसली नाही की दिवा विझवतो. पण दिवा विझला म्हणजे त्याने विसरलं असं नाही. आकडा आत जपलेला असतो, आणि इंजिन सुमारे चाळीस वेळा थंडाचं गरम होईपर्यंत तो पुसला जात नाही. शिवाय चूक झाली त्या क्षणाचं एक चित्रही तो साठवतो: वेग किती, इंजिनाचे फेरे किती, भार किती, पाणी किती तापलेलं. थोडक्यात अपघाताच्या जागेचा पंचनामा.

लुकलुकणं मात्र वेगळं. सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर पडायला लागलं की ते कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो. तेव्हा कॉम्प्युटर दुसऱ्या फेरीची वाट बघत नाही, लगेच दिवा लुकलुकवतो. आणि भार कमी होऊन धोका टळला की लुकलुकणं थांबू शकतं. म्हणजे घाटात जे झालं ते अगदी नियमाप्रमाणे झालं होतं. नियमाप्रमाणे मी पाय आवरता घ्यायला हवा होता, तो घेतला नाही, ही गोष्ट वेगळी.

आम्ही पहिल्या गॅरेजमध्ये गेलो. तिथे स्कॅनर लावला. आकडा आला पी ०३०३. पी म्हणजे इंजिन-गिअर विभाग, पहिला शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, पुढचा तीन म्हणजे ठिणगीचं खातं, आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे तिसरा सिलिंडर. तिसरा सिलिंडर मिस मारतोय. त्यांनी तिन्ही प्लग बदलले, कोड पुसला, गाडी चालवून दाखवली. मस्त चालली. का नाही चालणार? कॉलेज रोडवर चालवली होती.

तीन आठवड्यांनी पुन्हा घाट, पुन्हा तेच. या वेळी आई जागी होती. "काय झालं रे?" म्हणाली. मी म्हटलं, "काही नाही, रस्ता खराब आहे." अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या गॅरेजने इंजेक्टर साफ केले, पेट्रोलमध्ये घालायची एक बाटली दिली, आणि पुन्हा कोड पुसला. हा कोड पुसणं म्हणजे काय ते मला नंतर कळलं. आकडा जातो तसा तो पंचनामाही जातो. चोरी झालेल्या घराची आधी झाडलोट करायची आणि मग पोलिसांना बोलवायचं, त्यातलाच प्रकार.

तिसरा मिस्त्री अण्णांच्या ओळखीतून सापडला. मुंबई नाक्याच्या बाजूला एका गाळ्यात बसणारा, चाळिशीतला माणूस. त्याने बॉनेट उघडलंच नाही. हात पुसत आधी विचारलं, "काका, कधी लागतो?"

काय झालंय हे दोघांनी विचारलं होतं. कधी होतं हे कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही सांगायला लागलो आणि सांगता सांगता आमचं आम्हालाच उमगत गेलं. मुंबईला जाताना घाट उतरताना होत नाही. येताना चढताना होतं. पावसात होतं, पण दुसऱ्यांदा पाऊस नव्हता तरी झालं. वाडीवऱ्हेच्या पुढे कधीच नाही. शहरात कधीच नाही. त्याने स्कॅनर लावला. दुसऱ्या गॅरेजनंतर एक फेरी झालेली होती, त्यामुळे नवा आकडा आणि नवं चित्र आत होतं. त्याने कोड पुसला नाही. सगळे आकडे आधी वहीत उतरवून घेतले. वेग चौतीस, गिअर बहुधा दुसरा, भार जवळजवळ पूर्ण.

मग त्याने एक साधी गोष्ट केली. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल केली. प्लगही अदलाबदल केले. म्हणाला, "आता रविवारी घाट चढून या. ताईंना नेऊ नका. आकडा एकवर गेला तर कॉइल किंवा प्लग. तीनवरच राहिला तर चोर दुसरा आहे."

अण्णा खूश झाले. एकेका प्लगची वायर काढून बघायची त्यांच्या काळातली परीक्षाच ही, फक्त पत्ता लिहायला कॉम्प्युटर होता.

रविवारी आम्ही दोघंच गेलो. कसारा उतरलो, गाडी वळवली, चढलो. दिवा लुकलुकला. घाटनदेवीच्या देवळाजवळ गाडी बाजूला घेऊन चहा प्यायलो. आईचं आजारपण सुरू झाल्यापासून अण्णा आणि मी असे दोघंच कुठे बसलो नव्हतो. ते धुक्यात बघत म्हणाले, "तिचे पुढचे रिपोर्ट कधी आहेत?" मी तारीख सांगितली. त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आकडा तीनच राहिला होता.

*

मिस्त्रीने आता बॉनेट उघडलं. त्याचा तर्क असा: कॉइल नाही, प्लग नाही, इंजेक्टरचा दोष असता तर चढावर सोडून इतरत्रही कधी दिसला असता. चढावर आणि फक्त चढावर काय होतं? इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. जोर लावला की ते एका बाजूला कलतं, बोटभर तरी. सपाटीवर कलत नाही. म्हणजे इंजिन कललं की ताणली जाणारी अशी एखादी वस्तू शोधायची.

गाडी जागेवर ठेवून घाट कसा करायचा? त्याचा पोरगा सीटवर बसला. हॅंडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, गिअर पहिला, क्लच अगदी थोडा सोडायचा. इंजिन दबतं आणि कलतं. (घरी करू नका. समोर कुणी उभं राहू नये.) मिस्त्री बाजूने वायरिंगचा एकेक भाग हळूच हलवत गेला. अण्णांनी इंजिनाच्या वरच्या झाकणावर पंजा ठेवला होता आणि डोळे मिटले होते.

"सुटला," अण्णा म्हणाले.

मी दिव्याकडे पाहिलं. दिवा लागलेला नव्हता. मला वाटलं, अण्णांना भास झाला. अकरा-बारा सेकंद गेली असतील आणि दिवा लुकलुकायला लागला.

याचं कारण मी नंतर वाचलं, आणि ते मला फार आवडलं. कॉम्प्युटर इंजिनाचा आवाज ऐकत नाही. तो क्रँकशाफ्टवरच्या चाकाचे दाते मोजतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की शाफ्ट किंचित पुढे झेपावतो, आणि पेटला नाही की किंचित रेंगाळतो. हे रेंगाळणं तो मोजतो. पण एका चुकीवर तो विश्वास ठेवत नाही. कॅलिफोर्नियाच्या ज्या नियमांतून हे सगळं आलं, त्यांत कन्व्हर्टर जाळू शकणाऱ्या चुकांचा हिशोब दोनशे फेऱ्यांवर करायचा असतो. मिनिटाला हजार फेऱ्या धरल्या तर दोनशेला बारा सेकंद लागतात. अण्णांच्या तळहाताला एक पुरली.

म्हणून कुणी असं समजू नये की जुनं ते सोनं आणि कॉम्प्युटर बावळट. अण्णांना चूक झाली ते कळलं, पण तिसऱ्या सिलिंडरचा पत्ता कॉम्प्युटरनेच दिला होता, आणि घाटातल्या त्या क्षणाचं चित्रही त्यानेच जपलं होतं. शहाणा तो मिस्त्री, ज्याने दोघांनाही विचारलं.

चोर सापडला तो असा. तिसऱ्या कॉइलकडे जाणारी वायर एका पत्र्याच्या कडेवर घासत होती. वरचं प्लास्टिक झिजून आतली तार अर्धी तुटली होती. इंजिन कललं की तार ताणली जायची, तिची उरलेली टोकं सुटायची आणि ठिणगी जायची. सपाटीवर आल्यावर टोकं पुन्हा जुळायची.

"इथे क्लिप असते," मिस्त्री म्हणाला. "वायर धरून ठेवणारी. कुणीतरी काढलीय."

कुणीतरी म्हणजे मी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये व्हिडिओ बघून मी स्वतः एअर फिल्टर साफ केला होता. सगळं परत बसवल्यावर एक काळी क्लिप उरली होती. गाडी चालू झाली, म्हणून मी ती क्लिप हॉलमधल्या ड्रॉवरमध्ये टाकून दिली होती. दोन वर्षं ती वायर रोज थोडी थोडी झिजत होती आणि मी दोन गॅरेजवाल्यांना नावं ठेवत होतो.

अण्णांना लक्षात आलं असणार. त्या लॉकडाउनमध्ये ते गॅलरीतून बघत होते. पण ते काही बोलले नाहीत. मिस्त्रीने तार जोडून घेतली, वर आवरण घातलं, वायर पट्टीने बांधली आणि साडेतीनशे रुपये घेतले. घरी गेल्यावर मी ड्रॉवर उघडला. क्लिप तिथेच होती. दुसऱ्या दिवशी मी ती नेऊन बसवून घेतली.

*

उरलेल्या केमोच्या फेऱ्यांत दिवा लागला नाही. नोव्हेंबरात शेवटची फेरी झाली. आता सहा महिन्यांनी तपासणी असते. तिथले डॉक्टर पहिल्या दिवशी तिला काय विचारायचे ते मला तेव्हा फार लक्षात आलं नव्हतं: दुखतं का नाही, तर कधी दुखतं, काय केल्यावर दुखतं. आई "काही नाही हो" म्हणून मोकळी व्हायची आणि आम्ही तिच्या मागून सांगायचो. घरातल्या माणसाचं खरं काम तेवढंच असतं बहुतेक. निदान आपल्याला करता येत नाही, पण कधी आणि कसं हे लक्षात ठेवता येतं.

हे वाचणाऱ्या भाचरांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतो. दिवा स्थिर असेल तर घाबरू नका, पण आठवड्याभरात दाखवा. लुकलुकत असेल तर पाय हलका करा, शक्य असेल तिथे थांबा. थांबल्यावर वहीत किंवा मोबाइलवर लिहून ठेवा: चढ की उतार, पाऊस की ऊन, गाडी गार की तापलेली. आणि गॅरेजवाल्याला आधी सांगा की कोड उतरवून घेतल्याशिवाय पुसू नका. बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा सल्ला कुणी दिला तर हात जोडून नाही म्हणा.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. आता मुंबईहून येताना जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा लागतो आणि कसाऱ्याचा घाट लागतच नाही. मागच्या तपासणीहून येताना आम्ही त्याच रस्त्याने आलो. आईला ऊन-पाऊस काही दिसेना, म्हणाली, "कंटाळवाणा आहे रे हा रस्ता." मला काही तो कंटाळवाणा वाटला नाही.

किल्ली फिरवली की इंजिन चालू व्हायच्या आधी तो पिवळा दिवा एकदा लागतो. बिघाड असतो म्हणून नव्हे, आपण जिवंत आहोत हे दाखवायला. इंजिन चालू झालं की विझतो. आई अलीकडे पुढच्या सीटवर बसते. तिला हे मी दहा वेळा समजावलंय. तरीही प्रत्येक वेळी ती वाकून बघते आणि विचारते, "गेला का रे?"

"गेला," मी म्हणतो, आणि आम्ही निघतो.